हद्दीबाहेरची हिंसा

शहरातली हिंसा फार काळ जागेला बांधलेली होती. गुंडाचा इलाखा ठरलेला असे. दंगल कोणत्या गल्लीतून सुरू होईल याचा अंदाज जुन्या हवालदाराला असे. खंडणी मागणारा दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राही. पोलीस यंत्रणाही त्याच हिशेबाने उभी राहिली: ठाणे, चौकी, बीट आणि प्रत्येकाची हद्द. गेल्या तीस वर्षांत मोबाईल, इंटरनेट आणि कॅमेरा यांनी ही बांधणी सैल केली आहे. आता चिथावणी एका शहरातून येते, पैसे दुसऱ्या शहरातून निघतात, वार तिसरीकडे होतो आणि त्याचे चित्रीकरण लाखो लोक आपापल्या घरी बसून पाहतात.

हिंसेची मूळ कारणे तंत्रज्ञानाने निर्माण केलेली नाहीत. जमिनीचे व्यवहार, बेरोजगारी, जातधर्माची तेढ, बाईवरची मालकी, टोळ्यांचे हिशेब ही सगळी जुनीच आहेत. बदलले आहे ते त्यांचे नेपथ्य. चिथावणी, कृती, साक्षीदार आणि पुरावा पूर्वी एकाच ठिकाणी सापडत, आता ते चार ठिकाणी पांगले आहेत. संरक्षणाची व्यवस्था मात्र अजून बऱ्याच अंशी हद्दीतच राहिली आहे. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, मालेगाव या शहरांच्या अलीकडच्या इतिहासात ही तफावत टप्प्याटप्प्याने दिसते.

फोनवरचा दरारा

या बदलाची सुरुवात स्मार्टफोनच्या बरीच आधी झाली. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. त्या सुमारास मुंबईच्या टोळ्यांचे म्होरके दुबई, कराची आणि आग्नेय आशियात जाऊन बसले होते. शहरात त्यांचे पाऊल नव्हते, पण आवाज होता. बिल्डर, हॉटेलमालक, चित्रपट निर्माते यांना परदेशातून फोन येत. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी, एवढ्या बोलीवर व्यवहार ठरत. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांचा खून झाला. त्यानंतर फोनवरची धमकी पोकळ नसते, हे चित्रपटसृष्टीला वेगळे सांगावे लागले नाही.

फोनने टोळीप्रमुखाला हद्दीबाहेर नेले, त्याच फोनने पोलिसांच्या हाती नवा पुरावाही दिला. १९९९ च्या मोक्का कायद्याने, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, रीतसर परवानगी घेऊन टिपलेले संभाषण न्यायालयात ग्राह्य ठरवले. ‘चोरी चोरी चुपके चुपके’ या चित्रपटाशी संबंधित खटल्यात अशी ध्वनिमुद्रिते गाजली. चित्रपटाला पैसा पुरवणारे भरत शहा यांना २००३ मध्ये टोळीविषयीची माहिती दडवल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. मोक्काखालच्या गंभीर आरोपांतून मात्र ते सुटले.

अंतराचे हे गणित २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात टोकाला गेले. दहा हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत आले, ते जीपीएस यंत्रे आणि सॅटेलाईट फोन घेऊन. हल्ला सुरू झाल्यावर ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरीमन हाऊस इथल्या हल्लेखोरांना पाकिस्तानातले सूत्रधार इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवेने पावलापावलाला सूचना देत होते. ही फोनसेवा अमेरिकेतल्या कंपनीची होती आणि तिचे काही पैसे इटलीतून भरलेले होते. बाहेर कमांडो कुठे उतरत आहेत, हे सूत्रधार भारतीय वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणात पाहत आणि आत कळवत. त्या तीन दिवसांत १६६ जणांचा बळी गेला. जिवंत पकडलेला हल्लेखोर अजमल कसाब याच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही संभाषणे तपशिलात नोंदवली आणि वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. प्रत्यक्ष जागेवर नसलेला माणूस चकमकीत सहभागी होऊ शकतो, ही गोष्ट कायद्याने मान्य करण्याचा हा एक महत्त्वाचा टप्पा होता.

अफवेची गती

अफवेला इंटरनेटची गरज नसते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत सुमारे ९०० माणसे मारली गेली. तेव्हा अफवा तोंडी, घरच्या फोनवरून आणि छापील मजकुरातून पसरत होत्या. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतल्या जळीतानंतर भडक बातम्यांनी वातावरण कसे तापवले, याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. नव्या साधनांनी अफवेत तीन गोष्टींची भर घातली. ती चित्रासह येऊ लागली, ओळखीच्या माणसाकडून येऊ लागली आणि तिचा मूळ उगम पुसला गेला.

याची पहिली मोठी चुणूक ऑगस्ट २०१२ मध्ये दिसली. आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराची म्हणून भलतीच छायाचित्रे मोबाईलवर फिरली. ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावरच्या निषेध सभेला हिंसक वळण लागून दोघांचा मृत्यू झाला. पाठोपाठ ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार असल्याचे एसएमएस पसरले. बंगळूर, पुणे, चेन्नई इथून हजारो विद्यार्थी आणि कामगार मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले, रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने १७ ऑगस्टला एकगठ्ठा एसएमएसवर पंधरा दिवसांची बंदी घातली आणि एका वेळी पाचच जणांना संदेश पाठवण्याची मर्यादा आणली. संदेशाचा वेग कमी करणे हा दंगल रोखण्याचा उपाय म्हणून वापरला गेला, त्याचे हे सुरुवातीचे मोठे उदाहरण.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरला उलटा प्रकार घडला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. या प्रकरणातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. पोस्ट रोखण्याची घाई आणि पोस्टवरून होणारी मोडतोड या दोन्हींचा धोका सारखाच असतो, हे पालघरने दाखवले.

जून २०१४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आली आणि पुण्यात जाळपोळ, दगडफेक सुरू झाली. २ जूनच्या रात्री हडपसर भागात २८ वर्षांच्या एका मुस्लिम आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकले. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पोस्ट टाकणारा अज्ञात, बळी मात्र रस्त्यात समोर आलेला, हा या प्रकारच्या हिंसेचा साचा ठरला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यातल्या आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली.

२०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा देशभर फिरली. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेसाठी बनवलेली होती. मूळ फितीत मोटारसायकलवरचे लोक उचललेले मूल परत आणून देतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवट कापून उरलेला भाग व्हॉट्सॲपवर ढकलला गेला. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेले होते. परका पेहराव आणि परकी बोली हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. त्याच रात्री मालेगाव शहरात एका लहान मुलासह पाच जण अशाच जमावाच्या तावडीत सापडले होते. स्थानिकांनी त्यांना एका घरात आसरा दिला आणि पोलिसांनी बाहेर काढले, म्हणून ते वाचले.

पंधरा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वयक अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली आणि ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि त्यामुळे अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. मूळ संदेश कोणाचा हे शोधण्याची सोय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केली. संदेशांची गोपनीयता मोडल्याशिवाय हे शक्य नाही, असे सांगत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

फॉरवर्डला आळा बसला, तसा वाद स्टेटसवर सरकला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या वादग्रस्त स्टेटसवरून बंद, मोर्चा आणि दगडफेक झाली. १७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल भागात आंदोलनात जाळलेल्या चादरीवर धार्मिक मजकूर असल्याची अफवा पसरली. हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली आणि एका जखमीचा पुढे मृत्यू झाला.

अशा वेळी प्रशासनाचे हमखास हत्यार म्हणजे इंटरनेट बंदी. कोल्हापुरातही ती झाली. २०१७ च्या नियमांनुसार गृह सचिव असा आदेश काढू शकत. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने हे आदेश प्रसिद्ध करणे आणि त्यांचा आढावा घेणे आवश्यक ठरवले. अनिश्चित काळची बंदी न्यायालयाने अमान्य केली. २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले. या उपायाची अडचण त्याच्या रचनेतच आहे. बंदी जिल्ह्यापुरती असते आणि मजकूर जिल्ह्याबाहेरून येत राहतो. अफवेबरोबर तिचा खुलासाही अडकून पडतो. यूपीआयवर चालणारा फेरीवाला, रिक्षाचालक आणि घरपोच सेवा देणारा कामगार यांचा धंदा बसतो, कार्यालयातून तारेच्या जोडणीवर काम करणाऱ्याचे फारसे बिघडत नाही.

रीलमधला कोयता

अफवा जमावाला बाहेर काढते. रील आणि स्टेटस वेगळ्या वाटेने काम करतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २०२२-२३ पासून ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. ऊसतोडीचे, नारळ सोलण्याचे हे हत्यार. स्वस्त, सहज मिळणारे आणि बंदुकीसारखा परवाना न लागणारे. ते हाती घेऊन रस्त्यावर गाड्या फोडणाऱ्या, दुकानदाराला दमदाटी करणाऱ्या पोरांत अनेक अल्पवयीन होते. ही एक बांधीव टोळी नव्हती. वेगवेगळ्या वस्त्यांतले गट एकमेकांचे पाहून तेच करत होते आणि पाहण्याची जागा होती इन्स्टाग्राम. गाण्याच्या तालावर कोयता नाचवणे, ‘भाई’च्या वाढदिवसाचा केक तलवारीने कापणे, नावापुढे खुनाच्या जुन्या कलमाचा ‘३०२’ हा आकडा लावणे, तुरुंगातून सुटणाऱ्याच्या स्वागताचे चित्रीकरण टाकणे, हा सगळा या जगाचा नित्यक्रम झाला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातला टोळीप्रमुख गजानन मारणे खून खटल्यांतून निर्दोष सुटून तळोजा कारागृहाबाहेर आला. तिथून द्रुतगती महामार्गावरून पुण्याकडे निघालेल्या त्याच्या गाड्यांच्या ताफ्याची दृश्ये काही तासांत राज्यभर पोहोचली. पोलिसांनी नंतर गुन्हे दाखल केले, तोवर प्रचाराचे काम झाले होते. पूर्वी टोळीचा दरारा तिच्या पेठेपुरता असे. आता तो तिला कधीही न भेटलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचतो.

दोन गटांतल्या भांडणाचा स्वभावही यामुळे बदलतो. नाक्यावर दिलेली शिवी चार जणांनी ऐकलेली असे आणि वडीलधारे मध्ये पडून ती मिटवू शकत. स्टेटसवरची शिवी शेकडो जण पाहतात, तिचा स्क्रीनशॉट राहतो, आणि गप्प बसणे म्हणजे त्या सगळ्यांसमोर माघार घेणे ठरते. एखाद्याचा खून झाला की त्याच्या साथीदारांचे सूड घेण्याचे स्टेटस लागतात आणि प्रतिस्पर्धी त्यांचे उत्तर देतात. ॲपची रचना या ताणाला पोसते, कारण लोक ज्यावर थांबतात ते ती आणखी लोकांपुढे नेते.

यावर पोलिसांकडे असलेली साधने मुख्यतः जागेची आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली सराईत गुन्हेगाराला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी तडीपार करता येते. तडीपार माणूस जिल्ह्याबाहेर राहतो, पण त्याचे खाते वस्तीतल्या पोरांच्या फोनमध्ये रोज उगवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी शहरातल्या टोळीप्रमुखांना आयुक्तालयात बोलावून परेड घेतली. दहशत पसरवणारी रील टाकू नये, अशी ताकीद त्यांना मिळाली. टोळीप्रमुखाला दिलेल्या तंबीत समाजमाध्यमांचा समावेश झाला, ही त्या घटनेतली नवी बाब होती.

तुरुंगाची भिंतही आता पूर्वीसारखी आडवी येत नाही. टोळीप्रमुख लॉरेन्स बिष्णोईने कोठडीत असताना दिलेल्या मुलाखती मार्च २०२३ मध्ये वाहिनीवर दिसल्या आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाला चौकशी लावावी लागली. १४ एप्रिल २०२४ रोजी वांद्र्यात अभिनेता सलमान खानच्या घराबाहेर गोळीबार झाला, तेव्हा बिष्णोई टोळीच्या नावाने जबाबदारी घेणारी पोस्ट फेसबुकवर आली. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांचा वांद्रे पूर्वेला खून झाला, त्यानंतरही अशी पोस्ट आली. या प्रकरणातले संशयित स्नॅपचॅट आणि इन्स्टाग्रामवरून संपर्कात होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. पाहिल्यावर पुसला जाणारा संदेश तपासाला नवी अडचण ठरला. कॉलचा तपशील म्हणजे सीडीआर आणि टॉवर लोकेशन यांवर उभी राहिलेली तपासाची पद्धत तिथे अपुरी पडते.

कॅमेऱ्याची नजर

२६/११ नंतर मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याचा निर्णय झाला. निविदांच्या घोळात काही वर्षे गेली आणि २०१६ मध्ये सुमारे दीड हजार ठिकाणी सुमारे ४,७०० कॅमेरे कार्यान्वित झाले. पुण्यानेही २०१० चा जर्मन बेकरी स्फोट आणि २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट यांनंतर तोच मार्ग धरला. सरकारी कॅमेऱ्यांच्या कितीतरी पट अधिक कॅमेरे आता दुकाने, सोसायट्या आणि एटीएमवर आहेत. गुन्हा घडला की तपास पथकाचे पहिले काम म्हणजे आसपासच्या दुकानांतून फुटेज गोळा करणे. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळचा भरदिवसा खून झाला. हल्ला कॅमेऱ्यात टिपला गेला आणि संशयित त्याच रात्रीपर्यंत पकडले गेले.

कॅमेरा गुन्हेगार शोधतो, गुन्हा थांबवतोच असे नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्यातल्या स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. स्थानकात कॅमेरे होते, पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. आरोपी आणि तरुणी बसकडे जाताना चित्रीकरणात दिसत होते, पण त्या वेळी ते पाहून हटकणारे कोणी नव्हते. त्याच चित्रीकरणावरून आरोपीची ओळख पटली आणि शिरूर तालुक्यातल्या उसाच्या फडांवर ड्रोन फिरवून तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर तो पकडला गेला. त्या पहाटे तरुणीला गरज होती ती चालू दिव्यांची, कुलूपबंद बसगाड्यांची आणि फिरत्या सुरक्षारक्षकाची.

पुढचा टप्पा चेहरा ओळखणाऱ्या प्रणालींचा. हैदराबादच्या पोलिसांनी त्यांचा वापर आधीच वाढवला होता. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर अशा प्रणालीने अकराशेहून अधिक जणांची ओळख पटवल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांनी ११ मार्च २०२० रोजी लोकसभेत सांगितले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलीस दलासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी ‘मार्व्हल’ ही संस्था नागपुरात स्थापन केली. यंत्राने दिलेली ओळख ही शक्यता असते. अंधूक चित्र, तिरका कोन आणि जुना फोटो यांनी ती चुकू शकते. चुकीचा भार मात्र ज्यांचे फोटो पोलिसांच्या नोंदीत आधीपासून आहेत अशा वस्त्यांवर आणि समाजांवर अधिक पडतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती ठेवल्या आहेत, त्यामुळे दाद मागण्याची वाट अरुंद राहते.

खासगी पहाऱ्याचेही तसेच. मोठ्या सोसायट्यांत फाटकावर ॲप आले. घरकाम करणारी बाई, डिलिव्हरीवाला, इलेक्ट्रिशियन यांचे येणेजाणे, फोटो, मोबाईल नंबर नोंदले जाऊ लागले. रहिवाशाला सुरक्षित वाटते, पण कामगाराला आपली माहिती कुठे आणि किती काळ राहते हे कळत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कॅमेऱ्यातली क्लिप ‘संशयित’ म्हणून फिरली की भंगारवाला किंवा फेरीवाला चौकशीशिवाय आरोपी होतो. राईनपाड्याला जे परक्या पेहरावामुळे घडले, त्याची सौम्य आवृत्ती इथे रोज घडते.

चित्रीकरण न्यायालयात टिकवणे हा आणखी वेगळा प्रश्न. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाची बाब स्पष्ट केली. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र सोबत हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ही तरतूद कायम ठेवली आणि फाइलची ओळख पटवणारे हॅश मूल्य नोंदणे त्यात आणले. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या डीव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर घाईत उतरवलेले फुटेज इथेच अडखळते.

उंबरठ्याच्या आत

रस्ता असुरक्षित आणि घर सुरक्षित, ही समजूत बायकांच्या अनुभवात कधीच पूर्ण खरी नव्हती. फोनने ती आणखी पोकळ केली. पाठलागाला २०१३ मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरवताना कायद्याने इंटरनेटवरची पाळत त्यातच धरली. २०२१ मधले ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मधले ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम महिलांची छायाचित्रे लिलावासाठी म्हणून मांडली गेली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने बंगळूर आणि उत्तराखंडातून तरुणांना ताब्यात घेतले. त्रास देणारे आणि सोसणाऱ्या एकमेकांना कधी भेटलेही नव्हते.

फोन संरक्षणाचे साधनही झाला. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सुरू झालेल्या ‘सेफसिटी’ने छेडछाडीचे अनुभव निनावी नोंदवून नकाशावर मांडले. पोलीस तक्रारीत न उतरणारे बसथांबे, पादचारी पूल आणि अंधारी वळणे त्यामुळे दिसू लागली. ११२ क्रमांकाची सेवा आणि फोनमधले संकटाचे बटण याच काळातले. त्यांचे यश बटणावर कमी आणि गाडी किती मिनिटांत पोहोचते यावर जास्त अवलंबून आहे.

वृद्धांच्या वाट्याला ‘डिजिटल अरेस्ट’ आली. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे किंवा खात्यात काळा पैसा असल्याचे सांगतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि ठेवी मोडून घेतो. अशा अटकेची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. मुंबईतल्या एका वयस्क उद्योजकाचे असे ५८ कोटी रुपये गेल्याचे २०२५ मध्ये समोर आले. देशात २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम सरकारने संसदेत २२,८४५ कोटी रुपये सांगितली. यातले बरेच अड्डे म्यानमार आणि कंबोडियात आहेत. नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुण तिथे मारहाण सोसत फोन करतात, म्हणजे एका हिंसेच्या पोटात दुसरी हिंसा असते.

हद्दीत उरलेला उपाय

कायद्याने हद्दीचा अडसर काही प्रमाणात हटवला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झिरो एफआयआरला वैधानिक आधार दिला, त्यामुळे गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. सायबर फसवणुकीची १९३० या क्रमांकावर वेळेत तक्रार केल्यास पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येतात. डिजिटल अरेस्टच्या गुन्ह्यांचा देशव्यापी तपास सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी सीबीआयकडे दिला. परदेशातल्या कंपन्यांकडून माहिती मिळवणे, खटल्यापर्यंत पुरावा टिकवणे आणि ठाण्यातल्या अंमलदाराला हे सारे शिकवणे ही कामे मात्र संथ आहेत.

चिथावणी कुठूनही आली तरी जमाव जमतो तो एखाद्या चौकातच, आणि त्याला अडवणारी माणसेही तिथलीच असावी लागतात. १९८४ मध्ये दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. मुंबईनेही दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने हा प्रयोग उचलला. त्यामागचे तत्त्व साधे होते: अफवा आली की खातरजमा करण्यासाठी फोन कोणाला करायचा, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना आधीपासून माहीत असावे. २०१८ मध्ये मालेगावातल्या पाच जणांचा जीव अशाच स्थानिक हस्तक्षेपाने वाचला, राईनपाड्याच्या पाहुण्यांना तो मिळाला नाही. शहरांनी कॅमेरे, नियंत्रण कक्ष आणि ॲप यांवर गेल्या दशकात मोठा खर्च केला आहे. बीटवरचा ओळखीचा हवालदार, रात्री उजळलेले स्थानक आणि वस्तीतल्या लोकांचा आपसातला विश्वास यांवर त्या मानाने फार कमी झाला, आणि जमाव चौकात उतरल्यावर पहिल्या काही मिनिटांत उपयोगी पडतात त्या याच गोष्टी.